पोतं हलतंय हो, साहेब!

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी एकदा सांगायला लागले की मध्ये थांबत नाही, आणि माझ्या तोंडावर कोणी हसलेलं मला खपत नाही. असा गाढवपणा केलाय मी! अख्ख्या डोंबिवली पश्चिमेत तो आता लोक मीठमसाला लावून सांगतात. म्हटलं, निदान तुम्ही तरी माझ्या तोंडून ऐका.

बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे चूक दिसली की माझा हात शिवशिवतो. रिटायर झाले तशी लाल पेनाच्या जागी हातात मोबाईल आला, एवढाच फरक. फुटपाथवर बाईक दिसली, काढ फोटो. गटाराला झाकण नाही, कर तक्रार. आमचे हे म्हणतात, "सुलभा, तू देवळात गेलीस तर देवाचीसुद्धा तक्रार करशील." करीनच! कुठे करायची तेवढं सांगा!

पण या सवयीपायी आमच्या निनादचं एक जमत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलीच्या वडिलांनी गच्चीवर बेकायदा शेड टाकली होती, आणि मी पोहे खाता खाता उठून तिचा फोटो काढला. पाठवला नव्हता हो कुठे! नुसता काढला! तरी त्या लोकांनी दुसऱ्या दिवशी नकार कळवला.

मग निनादला स्नेहल भेटली. ठाण्याला त्याच्याच ऑफिसात. गुणी मुलगी, हसरी, मला "काकू, काकू" करणारी. कोपरच्या पुढे खाडीला लागून त्यांचं गाव. आगरी माणसं, पाच पिढ्या तिथलीच. तिचे आई-वडील आमच्याकडे येऊन गेले, सगळ्यांना सगळं पसंत पडलं. फक्त जाताना तिची आई, वनिताताई, एवढंच म्हणाली, "आमच्या घरात बाबांनी हो म्हटल्याशिवाय काय पक्कं होत नाय हां."

बाबा म्हणजे स्नेहलचे आजोबा, पांडूबाबा. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघा दुखतो म्हणून ते आमच्याकडे आले नव्हते. तेव्हा ठरलं की आपणच त्यांच्याकडे जेवायला जायचं. दिवस कुठला? श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार! म्हणजे मासे खायचे ते तेव्हाच, नंतर महिनाभर तोंडाला कुलूप.

वनिताताईंनी फोन करून विचारलं, "काय आवडतं तुम्हाला?"

आता सरळ सांगायचं ना, काहीही चालेल म्हणून? नाही! मी म्हटलं, "मासे सगळे आवडतात हो. आम्ही मूळचे मालवणचे. पण बर्फातलं काही मला चालत नाही. आणि सध्या पावसाळी बंदीमुळे बोटी बंद, बाजारात बघावं तिकडे बर्फातलंच. परवाच त्या मासेवालीशी माझं वाजलं. तुम्ही आपलं वरण-भात करा."

हे वरण-भात मी अशा सुरात म्हटलं की समोरच्याची वरण-भात करायची हिंमतच होऊ नये. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, तू विहीण म्हणून चाललीयेस की हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून?"

शनिवारी संध्याकाळी निनाद माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. अक्षरशः जोडून! "आई, उद्याचा एक दिवस. फक्त एक दिवस कुणाची तक्रार करू नकोस. मला ही मुलगी हवीय गं."

पोटचा पोर असा बोलला की कसं होतं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी देवासमोर शपथ घेतली. कानाला हात लावून.

आता ही शपथ मोडली कशी ते ऐका.

त्याच्या आदल्या रविवारी मी नौपाड्यात एका व्याख्यानाला गेले होते. निसर्गप्रेमी मंडळींचा ग्रुप. वक्त्यांनी सांगितलं, आपल्या खाडीत आणि नदीत कासवं पकडतात, पोत्यात भरून विकायला नेतात. कायद्याने मोठा गुन्हा आहे. दिसलं तर लगेच वनखात्याला कळवा. पडद्यावर त्या पोत्याचा फोटोसुद्धा दाखवला. मी वहीत लिहून घेतलं, "हलतं पोतं: संशय," आणि खाली दोन रेघा मारल्या. वनखात्याचा नंबर मोबाईलमध्ये घेतला, ग्रुपमध्ये नाव घातलं. काय उत्साह अंगात भरला होता म्हणून सांगू! इतकी वर्षं गटारांची झाकणं मोजली, आता खरं काम मिळालं होतं.

रविवारी सकाळी सात-साडेसातला मी नेहमीसारखी कोपरच्या बाजूला खाडीच्या बांधावर फिरायला गेले. पाऊस भुरभुरत होता. अंगात पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपी ओढलेली. आणि बघते तर काय?

तिवरांमध्ये, गुडघाभर चिखलात, एक माणूस! पाठ माझ्याकडे. बनियन चिखलाने काळं झालेलं, डोक्याला लाल पंचा, हातात लोखंडी आकडा. तो चिखलात आडवा झाला, एका बिळात खांद्यापर्यंत हात घातला, काहीतरी ओढून काढलं, त्याच्यावर पाठमोरा वाकून खुटखुट काहीतरी केलं आणि बांधाला टेकलेल्या पोत्यात टाकलं.

आणि ते पोतं हललं!

तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतंत? मला शपथ आठवली हो. खरंच आठवली! दोन मिनिटं मी मुद्दाम दुसरीकडे तोंड करून बगळे मोजले. पण पोतं पुन्हा हललं असेल का, हा विचार काही जाईना. शेवटी म्हटलं, निनाद काय म्हणाला? तक्रार करू नकोस. माहिती देऊ नकोस असं कुठे म्हणाला?

लावला फोन.

"हॅलो, वनखातं ना? कासवं! कोपरच्या खाडीवर! पोत्यात!"

"मॅडम, जरा शांतपणे सांगा. कासव बघितलंत का तुम्ही?"

"पोतं हलतंय हो, साहेब!"

"पोतं हलतंय ते ठीक आहे. आत कासव आहे कशावरून?"

"मग पोत्यात आणखी काय हलणार? बटाटे?"

"खेकडे असतील, मॅडम. हाताने खेकडे पकडायला बंदी नाहीये."

आता मला सांगा, खेकड्याला जिथली माणसं लाडाने कुर्ली म्हणतात, त्या मालवणच्या बाईला हा खेकडा शिकवतो! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, आमच्या सात पिढ्या कुर्ल्या खातायत. कुर्ली पोत्यात घातली की खरवडते. खर्र खर्र आवाज येतो. हे सुस्तावल्यासारखं हलतंय. माझ्या शब्दावर लिहून घ्या, कासवच!"

"किती असतील?"

"दहा-बारा सहज."

"आणि माणसं किती?"

"एक दिसतोय. बाकीचे लपले असतील."

साहेब म्हणाले, गाडी पाठवतो. मी लगेच ग्रुपवर टाकलं, "कोपर खाडीवर कासवचोर. पोतं हलत आहे." पुढची दहा मिनिटं माझा मोबाईल थांबेचना! ठाण्याहून एकजण कॅमेरा घेऊन निघाला. एकीने विचारलं, मगरीचं पिल्लूपण आहे का? त्याच्या खालच्याने ते प्रश्नचिन्ह न बघता पुढे पाठवलं. पाव तासात माझाच निरोप फिरून माझ्याकडे आला तेव्हा त्यात मोठी टोळी होती, मगरी होत्या आणि "एका धाडसी महिलेने पाळत ठेवली आहे" असं होतं. ते वाचून मलाच भीती वाटायला लागली.

तेवढ्यात तो माणूस चिखलातून वर आला, पोतं खांद्यावर टाकलं आणि लंगडत निघाला.

"अहो! थांबा! काय आहे पोत्यात?" मी ओरडले. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

मागे न बघता तो म्हणाला, "गो बाय, बाजूला हो, अंगाव चिखल उरंल!"

पळायला बघतोय! मी बांधावरून उतरून त्याच्या मागे. तो लंगडतोय, मी चिखलात चपला सांभाळतेय, अशी आमची शर्यत. आणि एका वळणावर सर्रकन पाय घसरून मी बसले. चांगली फतकल मारून! उठेपर्यंत पोतं गायब.

त्याच क्षणी निनादचा फोन. "आई, कुठेस? अकराला निघायचंय."

"आले रे. भाजी घेतेय."

वनखात्याच्या गाडीतले साहेब आले. मी धापा टाकत वर्णन दिलं, "फरार झाला! लंगडतो, डोक्याला लाल पंचा." ते बिचारे म्हणाले, "गावात विचारून बघतो, मॅडम. आपण घरी जा, कपडे बदला." मी घरी गेले. रेनकोट मोरीत टाकला, आंघोळ केली, जरीची साडी नेसले आणि घरात कुणाला चकार शब्द सांगितला नाही. घाईत चपला मात्र त्याच घातल्या.

बारा वाजता आम्ही तिघं स्नेहलच्या घरी पोचलो. चांगलं तीन मजली घर, पुढे मोठा ओटा. वनिताताई हसत दारात आल्या. मी पण हसत पुढे झाले. आणि ओट्याच्या कोपऱ्यात माझी नजर गेली.

ओलं पोतं. त्याला टेकून लोखंडी आकडा. आणि वर कठड्यावर वाळत घातलेला लाल पंचा!

म्हटलं, लाल पंचे काय, गावात पन्नास असतील.

"आमच्या बाबांचं काय सांगू तुम्हाला," वनिताताई कौतुकाने म्हणाल्या. "तुम्हाला बर्फातलं चालत नाय ना! तर बाबा सकाळी स्वतः खाडीत उतरले, चिंबोऱ्या पकडायला. दहा वर्षांनी! डॉक्टर सांगतात गुडघा सांभाळा, चिखलात जाऊ नका. ऐकतात कुठे? म्हणाले, विहीणबाय पहिल्यांदा येते, तिला ताजाच पायजे."

ऐकताय ना? चिंबोऱ्या म्हणजे आमच्या कुर्ल्याच! माझ्या नखऱ्यासाठी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस दुखऱ्या गुडघ्याने चिखलात आडवा झाला, आणि मी त्याच्यामागे सरकारी गाडी लावली. त्याच्याच एका होकारावर माझ्या पोराचं लग्न अडलेलं. लाजेने माझे कान तापले हो!

आत पांडूबाबा बसले होते. स्वच्छ पांढरा सदरा, पांढरी टोपी, गुडघ्याला तेल लावलेलं. "या बाय," म्हणाले आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं.

आवाजावरून ओळखतील या भीतीने मी कुजबुजले, "नमस्कार."

"घसा बसला का गं?" निनाद चकित. आमचे हे तर आनंदाने माझ्याकडे बघतच राहिले.

पानं मांडेपर्यंत शेजारचे एक गृहस्थ डोकावले. "बाबा, आयकला का? वनखात्याची गारी फिरते गावात, सकालधरनं! कासवचोर शोदतान! कोनी बायनं फोन केला म्हने."

"कासव?" पांडूबाबा म्हणाले. "आमचे खारीत कासव? मी दहा वर्सांत नाय बगला!"

सगळे हसले. वनिताताई म्हणाल्या, "काय एकेक लोक असतात!" आणि माझ्याकडे वळून बघितलं. काहीतरी बोलणं भाग होतं.

"हो ना," मी कुजबुजले. "काही कामधंदा नसतो हो अशा बायकांना!"

निनादने सावकाश मान वळवली. पोटचा पोर तो, माझी नस न नस ओळखतो. एकदम गोड आवाजात म्हणाला, "आई, सकाळी भाजी कुठली आणलीस गं?"

मी ऐकलंच नाही असं दाखवून पानावर बसले.

आणि मग ते कालवण आलं! अहो, काय कालवण! लालभडक, वर तेलाचा तवंग, शेजारी तांदळाची मऊ भाकरी, आणि पानात ही एवढी, तळहाताएवढी चिंबोरी. मी ठरवलं होतं, आज दोन घास खाऊन उठायचं, तोंडच नाही आपल्याला. पहिला घास खाल्ला तेव्हा खूप पश्चात्ताप वाटत होता. दुसऱ्या घासाला जरा कमी वाटला. त्यानंतर मी फोडतेय, चोखतेय, रस्सा कोपरापर्यंत ओघळतोय, आणि वनिताताई वाढतायत. पांडूबाबा जेवण सोडून माझ्याकडेच बघत होते.

तेवढ्यात बाजूला ठेवलेला माझा मोबाईल वाजला. माझे दोन्ही हात मसाल्यात, तोंडात नांगी. मी मानेनेच नको नको करतेय, तोवर स्नेहल गुणाची पोर ना, पटकन पुढे झाली.

"थांबा काकू, मी स्पीकरवर लावते!"

"नमस्कार मॅडम," साहेबांचा खणखणीत आवाज. "वनखात्यातून बोलतोय. सकाळी कोपर खाडीवर कासवांचं पोतं हलतंय म्हणून आपणच तक्रार केली होती ना?"

वनिताताईंच्या हातातली पळी वरच्या वर थांबली. निनादने डोळे मिटून घेतले. आमच्या ह्यांनी खाली बघून भाकरीचे तुकडे करायला घेतले. नांगी तोंडातून काढावी की चावावी, मला काही सुचेना.

पांडूबाबा सावकाश पाणी प्याले. "सकाली ओररनारी बाय तूच, ता मना तू दारात हुबी रायलीस तवाच कललं," ते म्हणाले. "तुजे चपलांना माजेच बांधाखालचा चिखल होता. असा कालाभोर चिखल दुसरीकं नाय गावत."

"बाबा, चुकले मी," मी हात जोडले. रस्सा साडीवर सांडला. "पण देवाशपथ सांगते, कुर्ली अशी गप्प नसते हो! ती खरवडते! आमच्या सात पिढ्या..."

"नांग्या बांदल्याव खरवरंल कशी?"

आकड्याने काढायची, तिथल्या तिथे सुतळीने नांग्या बांधायच्या आणि मग पोत्यात टाकायची. म्हणजे ती पाठमोरी खुटखुट तेवढ्यासाठी होती! घरी पानात वाढलेली कुर्ली खाणाऱ्या माझ्या सातही पिढ्यांचं नाक एका सुतळीने कापलं गेलं.

"बाबा," निनादचा आवाज अगदी खोल गेला होता. "मग आमचं... लग्नाचं?"

पांडूबाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमचे खारीव डंपर येतान, भराव टाकतान. तिवरां मेली, चिंबोऱ्या कमी झाल्या. आमाना असा फोन कराला नाय जमत, असा ओरराला नाय जमत. जी बाय चार चिंबोऱ्यांपायी गारी आनते, ती त्या डंपरवाल्यांना सोरंल?" ते माझ्या पानातल्या ढिगाकडे बघून हसले. "आन चिंबोरी कशी चोखून खाते बगा! माजा हो हाय."

काय झालं म्हणून सांगू! वनिताताईंनी पळी टाकून मला मिठी मारली. निनाद उठून बाबांच्या पाया पडला. मी रडतेय, हसतेय, त्या मसाल्याच्या हातांनी डोळे पुसतेय आणि आग होतेय म्हणून आणखी रडतेय!

"मॅडम?" मोबाईलमधून आवाज आला. "मी लाईनवर आहे अजून."

अगं बाई! साहेब राहिलेच!

"सगळं ऐकलं मी, मॅडम. अभिनंदन," ते म्हणाले. "म्हणजे खेकडेच होते. आणि त्या डंपरचंही कळवा आम्हाला, नक्की. आता फक्त ही तक्रार बंद करायची आहे. पोत्यातल्या प्राण्यांचं काय झालं, तेवढं नोंदवायला हवं."

पांडूबाबा मोबाईलवर वाकले. "लिव रं, जिनं तक्रार केली तिनंच खाल्ल्या."

मोबाईलमध्ये बराच वेळ खोकल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "बरं. किती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. विहीण म्हणून पहिला दिवस, लोक काय म्हणतील? मी आवाज चोरून म्हटलं, "दोन."

स्नेहल माझ्या पानावर वाकली, एक-एक कवच बाजूला करून नीट मोजलं आणि मोबाईल तोंडाशी धरला.

"साहेब, पाच लिहा," ती म्हणाली. "आई खोटं बोलतायत."

बत्तीस वर्षं गणित शिकवलं हो मी! आणि माझ्या सुनेने मला पहिल्यांदा "आई" म्हटलं, ते वनखात्याकडे माझीच तक्रार करताना!